बालसंस्कार (खान्देश)

तीन ते दहा वर्षांच्या मुलामुलींना भांडण मिटवायला, दुसऱ्याचे दुखणे ओळखायला आणि हाती घेतलेले काम पुरे करायला शिकवण्याची रीत म्हणजे बालसंस्कार. अलीकडे हा शब्द ऐकला की स्तोत्रपाठ आणि सुट्टीतली शिबिरे डोळ्यांपुढे येतात. या नोंदीत तो जुन्या, ऐसपैस अर्थाने घेतला आहे. खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे. १९०६ मध्ये जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. तापीकाठची केळी-कापसाची गावे, गिरणा-पांझरेकडचा अहिराणी पट्टा, यावल-रावेरची लेवा गणबोली आणि सातपुड्यातले भिल्ल-पावरा पाडे असा हा मुलूख आहे. त्यामुळे मुलांना वळण लावण्याच्या रीतीही गावोगावी निराळ्या. तरी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी दिसते : मुलाला काही सांगण्याआधी त्याच्या हातात काहीतरी दिले जाते.

समज आणि वय : दीड-दोन वर्षांचे मूलही रडणाऱ्या सवंगड्यापुढे आपले खेळणे नेऊन धरते. मात्र दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास उमगू लागते. त्याआधी ‘तुला कोणी असं मारलं तर?’ हा प्रश्न मुलाच्या डोक्यावरून जातो. राग आवरण्याची ताकद तर त्याहून सावकाश येते, तिला पुरी वाढ व्हायला विशी उलटावी लागते. म्हणून तीन वर्षांच्या मुलाने चेंडू हिसकावला तर तो वाईट वळणाचा ठरत नाही. त्याला अजून थांबता येत नाही, इतकेच. हे ज्या घराला कळले, तिथे मुले धपाट्यांतून वाचतात.

घर आणि सण : ‘वाटीसन खा’, म्हणजे वाटून खा, ही अहिराणी घरातली अगदी सुरुवातीची ताकीद. गाईला घालायचा भाकरीचा तुकडा आजी नातवाच्या हाताने घालायला लावते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा पाखरांसाठी अंगणात ठेवलेल्या परळात पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याकडे सोपवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. परळ कोरडे पडले तर कोणी रागावत नाही, ते उचलून पोराच्या हातात दिले जाते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळदीने आणि तुपाने मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यावरून मुलाचा हात एकदा फिरला की या मुक्या जनावराला काय सोसावे लागते, हे त्याला न सांगता कळते.

भुलाबाईचा सण या बाबतीत फार मोलाचा आहे. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोबा, म्हणजे पार्वती-शंकर, मांडतात आणि कोजागरीला त्यांचे विसर्जन होते. महिनाभर संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणतात. शेवटचे गाणे झाले की घरधनीण झाकलेला डबा घेऊन येते. आतली खिरापत मुलींनी ओळखायची. ‘काकू, हलवून दाखवा ना!’ डबा खुळखुळला तर फुटाणे किंवा शेंगदाणे. आवाजच आला नाही तर शिरा असेल, वड्या असतील. ‘गोड की तिखट?’ जिला अजून टिपरी नीट धरता येत नाही अशा चिमुरडीलाही मध्येच ओरडून काहीतरी सांगायचे असते, आणि तिचे चुकलेले उत्तर कोणी हसण्यावारी नेत नाही. ओळखता आली नाही म्हणून खिरापत अडून राहत नाही. खरी परीक्षा वाटताना असते. थोरली मुलगी आधी डोकी मोजते, मग मूठ किती भरायची ते ठरवते आणि स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी घेते. पहिल्या चौघींना भरभरून दिले आणि पाचवीला उरलेच नाही, असे एकदा घडले की दुसऱ्या दिवसापासून मूठ आपोआप लहान होते. न्याय हा शब्द त्या मुलींनी ऐकलेलाही नसतो.

शाळा : खान्देशाच्या शाळांत या शिक्षणाचे सर्वांत उजळ नाव साने गुरुजींचे (१८९९–१९५०). कोकणातल्या पालगडचे हे शिक्षक १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात आले आणि १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी नोकरी सोडीपर्यंत तिथेच राहिले. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांनी पसरून टाकलेल्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणे आवरत, कपडेही धुऊन टाकत. शिक्षा नाही, टोमणा नाही. काही दिवसांनी मुलांनाच अवघडल्यासारखे झाले आणि झाडू त्यांच्या हाती आला. ही युक्ती म्हणून उचलता येत नाही. मुलांवर त्यांचा जीव होता, म्हणून मुलांना ते लागले. याच माणसाने पुढे पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले. छात्रालयातली माया आणि पंढरपूरचे उपोषण या दोन निराळ्या गोष्टी मानू नयेत.

सरकारी पातळीवर १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दहा गाभाघटक, म्हणजे सगळ्या शाळांच्या अभ्यासक्रमात समान असावेत असे घटक, दिले, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शांततेसाठी शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि शाळेत मुलांना मारण्यास, मानसिक त्रास देण्यास बंदी आली. जिल्हा परिषदेच्या शाळांत परिपाठ असतो : प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा. सुविचार फळ्यावर सुरेख अक्षरात उमटतो आणि दुपारपर्यंत पुसला जातो. त्यापेक्षा बाल मंत्रिमंडळाचा उपयोग जास्त. पाणीमंत्री झालेला तिसरीतला मुलगा नळ वाहताना दिसला की खेळ सोडून धावतो, कारण ते खाते त्याचे असते. पोषण आहाराच्या पंगतीत वाढणाऱ्या मुलांचेही तसेच. जळगावात २०१२ पासून जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे संग्रहालय उभे आहे आणि आसपासच्या शाळांच्या सहली तिथे जातात.

अंगणवाडीतले भांडण कसे हाताळावे, याचा एक साधा नमुना :

‘ताई, यानं माझा चेंडू घेतला!’

‘मला नको सांगू, त्याला सांग. मी इथंच बसते.’

ताई खाली बसते, दोघांच्या डोळ्यांच्या पातळीवर.

‘दे माझा चेंडू.’

‘आधी मी!’

‘मग किती वेळ तुझा, किती वेळ त्याचा? दोघं मिळून ठरवा.’

‘दहा टप्पे,’ एकजण म्हणतो. मोजताना पहिल्याकडून सात गळतो, दुसरा लगेच टोकतो आणि सात भरून घेतो. दहा झाल्यावर चेंडू निमूटपणे हातबदल होतो. ‘सॉरी म्हण’ असे ताई एकदाही म्हणत नाही. जबरदस्तीने म्हणवलेल्या सॉरीने चेंडू परत मिळतो, पण पुढच्या वेळी भांडण मिटवायला पुन्हा ताईच लागते.

भाषा : घरी अहिराणी, गुजरी किंवा पावरी बोलणारे मूल पहिलीत येते आणि तोंड उघडताच वर्ग हसतो. ‘गावंढळ’ हा शब्द त्याला तिथेच पहिल्यांदा भेटतो. दयेचा धडा नंतर कितीही चांगला शिकवला तरी हा पहिला धडा खोल रुतून बसतो. ज्या शिक्षिका ‘कसा शे रे भाऊ?’ म्हणून वर्गाची सुरुवात करतात, त्यांच्या वर्गात कोणी कोणाच्या बोलण्याला हसत नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, अक्कलकुवा-धडगाव भागात, धरणविरोधी आंदोलनातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा उभ्या राहिल्या, तेव्हा मुलांची बोलीच शिकण्याची भाषा धरली गेली. त्याच डोंगरात लाह ही रीत आहे : एकाच्या शेतावर किंवा घरबांधणीवर सगळा पाडा राबतो. मुलेही सोबत जातात, वाकून काटक्या वेचतात आणि जेवणाच्या रांगेत मोठ्यांच्या बरोबरीने बसतात.

जबाबदारी आणि ओझे : या दोन्हींतली रेघ खान्देशात पुष्कळदा पुसली जाते. परळात पाणी घालणे ही जबाबदारी. आठ वर्षांच्या मुलीने शाळा बुडवून दिवसभर भावाला सांभाळणे, किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर ओळ धरणे हे ओझे. ‘पोरगी मोठी गुणाची आहे’ या कौतुकाखाली ते झाकले जाते, म्हणून अधिक जपावे लागते. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जाणाऱ्या कुटुंबांतली मुले मागे आजीआजोबांपाशी राहतात, काहींसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. अशा गावांत सकाळी अंगणवाडीच्या दारात कडेवर भाऊ घेतलेली एखादी मुलगी उभी असते. जाणती ताई भावाला आत घेते, त्याचे नाक पुसते आणि त्या मुलीला विचारते, ‘आता तू शाळेत जाशील ना? दुपारी याला मी सोडते घरी.’