शाळेतल्या आरोग्य शिक्षणात बदल पाहिजे? अर्ज कुठं आणि कसा द्यायचा

पोरींना पाळीबद्दल कोण नीट सांगत नाही, गेटसमोर गुटख्याचं दुकान आहे, मोबाइलच्या नादाबद्दल तर शाळेत कोण बोलतच नाही... हे सगळं कट्ट्यावर रोज चालतं, पण कागदावर कोण आणत नाही. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, बेळगाव ग्रामीण, निपाणी भागातल्या सरकारी मराठी शाळांच्या पालकांसाठी प्रोसेस सांगतो.

आधी एक क्लिअर करूया. पुस्तकात काय असावं ते बेंगळुरात ठरतं, आपल्या गावच्या अर्जानं ते बदलणार नाही. पण ते शाळेत कोण शिकवणार, कधी शिकवणार, मुलींना वेगळं बसवून सांगणार का, डॉक्टर किंवा आशाताईंना बोलवणार का, हे गावात ठरवता येतंय आणि त्यासाठीच एसडीएमसी म्हणजे शाळा सुधारणा समिती आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेचा विकास आराखडा करायचं काम या समितीलाच दिलंय. त्यात कमीत कमी तीन चतुर्थांश मेंबर पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत. पाळीचा विषय निघाला की पुरुष मंडळी चुळबुळ करतात, तेव्हा विषय मांडायला बायकांनाच पुढं करा. अनुदानित शाळेत मात्र समिती फक्त सल्ला देऊ शकते, तेवढं ध्यानात ठेवा.

अर्जात काय लिहायचं यावर सगळं अवलंबून आहे. "आरोग्य शिक्षण सुधारा" असं मोघम लिहिलात तर तो कागद फायलीत जाऊन बसणार. त्यापेक्षा सरकारनं आधीच जे कबूल केलंय त्यावर बोट ठेवा. आयुष्मान भारतचा शाळांसाठीचा आरोग्य कार्यक्रम 2020 ला आला, त्यात 11 विषय आहेत, म्हणजे आहार, स्वच्छता, मानसिक आरोग्य, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर, वयात येणं वगैरे, आणि दर शाळेतल्या दोन शिक्षकांना ट्रेनिंग देऊन, शक्यतो एक बाई एक गुरुजी, आठवड्याला एक तास घ्यायचा असं ठरलंय. मग सरळ विचारा की, आपल्या शाळेत ते दोघं कोण आणि तो तास कुठल्या वारी? टाइमटेबलवर लावा म्हणा. गुटख्याचं पण तसंच, 2003 च्या तंबाखू कायद्यानं शाळेपासून 100 यार्डात विक्री बंद होती, कर्नाटकानं आता ते 100 मीटर केलंय, ते पंचायतीच्या पीडीओंना म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना वेगळ्या अर्जात लिहा, दोन विषय एकात घालू नका.

अर्ज कोण करू शकतं? त्या शाळेत मूल असलेला कुठलाही पालक. साध्या कागदावर चालतं, छापील फॉर्म नाही, जातीचा-उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मुलाचं नाव, इयत्ता, एसएटीएस नंबर (सरकारी नोंदीतला मुलाचा नंबर), आपली सही. दहापंधरा पालकांच्या सह्या असल्या तर वजन पडतं. मराठीत लिहिला तरी घ्यावाच लागतो, राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी सोबत कन्नड प्रत जोडा, कागद लवकर पुढं सरकतो आणि त्यात काय कमीपणा नाही.

अर्ज हेडमास्तरांकडं द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या आणि पुढच्या मीटिंगच्या विषयात घाला म्हणून सांगा. मीटिंगात ठराव झाला तर तो प्रोसिडिंग बुकात उतरवून घेतल्याशिवाय उठू नका, तोंडी "होय होय करूया" ला काही किंमत नाही.

तिथं अडलं तर ठरावाची किंवा अर्जाची प्रत जोडून तालुक्याच्या बीईओ म्हणजे गट शिक्षणाधिकारी ऑफिसला, नंतर डीडीपीआय म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांकडं. आपल्या जिल्ह्यात शिक्षण खात्याचे जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूरवाल्यांनी बेळगावला, निपाणीवाल्यांनी चिक्कोडीला जायचं, उगाच चुकीच्या ऑफिसला खेटे नकोत.

मुलांची वेगळी ग्रामसभा पंचायतीत भरते, तिथं पोरांनीच टॉयलेट-पाण्याचं विचारलं की मोठ्यांना टाळता येत नाही. आणि कुणीच उत्तर दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी, विषय एकच आणि 150 शब्दांच्या आत, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.