खुल्या कार्यालयातील ध्वनी-संवेदन

मधल्या भिंती नसलेल्या सामाईक दालनात काम करणाऱ्यांना आवाज कसा जाणवतो आणि तो अनुभव आभासी (संगणकाने उभ्या केलेल्या) दालनात कितपत उतरतो, याचा अभ्यास. येथे त्रास आवाजाच्या मोठेपणापेक्षा शब्द कळण्यामुळे होतो. यंत्राची एकसुरी घरघर थोड्या वेळात अंगवळणी पडते. शेजारच्याचे फोनवरचे अर्धवट संभाषण मात्र हळू असले तरी लक्ष ओढते.

मराठवाड्यात उन्हाळ्यात हे नेमके दिसते. शहाबादी फरशी, सिमेंटचा स्लॅब आणि काचेची तावदाने यांमुळे दालन घुमते, पण कूलरच्या आवाजाखाली बोलणे झाकले जाते. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखे-संगणक चालू राहतात, कूलर थांबतो. कूलरवर मात करण्यासाठी चढवलेला आवाज लगेच उतरत नाही आणि तीन-चार टेबलांपलीकडचे वाक्य अक्षरशः ऐकू येते. कूलर हा उपाय मात्र नव्हे: झाकणारा आवाज साधारण ४५ डेसिबलच्या वर गेला की तोच डोकेदुखी होतो आणि लोक आणखी ओरडून बोलतात.

मोजणीसाठी आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेचे आयएसओ ३३८२-३ (२०१२, सुधारित २०२२) हे मानक आहे. दालनात माणसे नाहीत, वातानुकूलन नेहमीसारखे चालू. सर्व दिशांना सारखा आवाज देणारा स्पीकर आणि मायक्रोफोन जमिनीपासून १.२ मीटरवर, आणि टेबलांच्या रांगेत किमान चार ठिकाणी नोंद. २०१२च्या आवृत्तीनुसार, अंतर दुप्पट झाल्यावर बोलणे ७ डेसिबल वा अधिक उतरले, ४ मीटरवर ४८ डेसिबलच्या आत राहिले आणि सुबोधता निर्देशांक (बोलणे किती कळते याचे ० ते १ मधले माप) ५ मीटरच्या आत ०.५० खाली आला, तर दालन चांगले. आपल्याकडे कूलर चालू आणि बंद, अशी दोनदा मोजणी करावी. एकाच आकड्यावर विसंबणे फसवे.

दुरुस्ती छतापासून सुरू करावी. साध्या पीओपीचे छत देखणे असते, पण आवाज शोषत नाही, थर्माकोलही नाही. कापडामागे ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) उपयोगी पडते. बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा बुटकी पार्टिशन शोभेपुरतीच, आणि छत कडक असेल तर उंच पार्टिशनवरूनही आवाज परतून येतो.

आभासी दालनासाठी प्रतिध्वनिरहित खोलीत ध्वनिमुद्रित केलेल्या बोलण्यावर खऱ्या किंवा संगणकीय दालनाचा ध्वनिप्रतिसाद (ते दालन आवाज कसा घुमवते याची नोंद) चढवतात आणि ते हेडफोनवर, दृश्यासह ऐकवतात. मान वळली की आवाजाची दिशाही बदलावी लागते. नाहीतर आवाज डोक्याच्या आतच असल्यासारखा वाटतो, पुढचा-मागचा ओळखू येत नाही. पातळी अंदाजाने नव्हे, कृत्रिम कानावर (कानाच्या जागी मायक्रोफोन असलेल्या मोजमाप-साधनावर) मोजून लावावी. एकच फीत पुन्हापुन्हा वाजवल्यास ऐकणारा ती ओळखतो. वाचन-लेखनाच्या कामात अर्थ कळणारे बोलणे अधिक अडथळा आणते. म्हणून मराठी कर्मचाऱ्यांची चाचणी परकीय भाषेतील फितीवर घेतली, तर त्रास कमीच दिसेल. शिवाय अर्ध्या तासाच्या चाचणीत दिवसभराचा शीण मोजता येत नाही.