बाबांच्या टी-शर्टातून बाळाचा टी-शर्ट

विट्याच्या यंत्रमागावरचं कापड सुती आणि टी-शर्टाचं होजियरी कापडही सुती, पण शिवायला घेतलं की दोघांचे स्वभाव पार वेगळे. मागावर उभे-आडवे धागे ताठ राहून एकमेकांना ओलांडतात. होजियरीत फासात फास गुंतत जातो. ओढ दिली की सूत फारसं लांबत नाही. फासच आडवे पसरतात आणि सोडल्यावर बरेचसे जागेवर येतात. म्हणून बेतताना कापड जास्त ताणलं जाणारी दिशा छातीभोवती आडवी यायलाच हवी.

सांगली-मिरजेकडे घरच्या मशीनवर बाबांचा जुना टी-शर्ट कापून दोन वर्षांच्या लेकराला शिवला जातो, तेव्हा घोळ बहुधा गळ्यापाशी होतो. या वयाच्या मुलाची उंची मोठ्या माणसाच्या जवळपास निम्मी असते, म्हणून सगळी मापं निम्मी करावीशी वाटतात. डोकं मात्र त्या हिशोबात बसत नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५६ सेंटिमीटर, दोन वर्षांच्या मुलाचा ४८ च्या आसपास. जन्मतः डोकं एकूण उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं, दोन वर्षांचं होताना पाचव्या, मोठेपणी सातव्या-आठव्या. म्हणजे बारीक मानेवर नीट बसणारा गळा मोठ्या डोक्यावरून उतरायलाही हवा.

हे जमवते गळ्याची रिब पट्टी. तिच्यात सुलट आणि उलट फासांच्या उभ्या ओळी आलटून पालटून असतात. सैल असताना त्या जवळ येऊन दुमडतात, ओढल्यावर उघडतात. पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा १५ ते २० टक्के कमी कापून, ताणत जोडतात. जोडण्याआधी ती बाळाच्या डोक्याच्या मापापलीकडे सहज ताणली जाते का, हे टेपने पाहावंच. जात नसेल तर खांद्यावर एकावर एक येणारे पदर ठेवावेत. लहानांना बटणं तोंडात घालायची सवय असते, त्यामुळे मला हा उपाय बटणांपेक्षा बरा वाटतो.

शिवणही कापडाइतकीच ताणली पाहिजे. साध्या सरळ टाक्यात दोरा जेमतेम पुरेल एवढाच असतो; डोकं घालताना तो तट्‌कन तुटतो. झिगझॅगमध्ये दोरा तिरका जातो, त्याला सरळ व्हायला वाव मिळतो. मशीनवर झिगझॅग नसेल तर पॉलिस्टर दोरा घेऊन, कापड किंचित ताणून सरळ टाका घालावा. सुई बोथट टोकाची, बॉलपॉइंट हवी. टोकदार सुईने सूत तुटलं तर तिथून फास सुटत जातात.

जुना टी-शर्ट या कामाला नव्या कापडापेक्षा सरस. गिरणीत कापड लांबीकडे ताणलं जातं. पहिल्या धुण्यांत तो ताण सुटून ते आखडतं. बाबांच्या टी-शर्टाचं ते आखडणं बहुतेक होऊन गेलेलं असतं. कापताना त्याची तळाची दुमड बाळाच्या टी-शर्टाच्या तळाशीच येऊ द्यावी, कारण कारखान्यातली ती ताणली जाणारी शिवण घरच्या मशीनवर तशी येत नाही.