खर्रा, सिकलसेल आणि भूलतज्ज्ञाचा अभ्यास

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत ऑपरेशन ठरलं की रुग्णाला आधी भूलतज्ज्ञाकडे ‘फिटनेस’साठी पाठवतात. तिथला तरुण डॉक्टर म्हणतो, ‘काका, तोंड उघडा. अजून मोठं. आता जीभ बाहेर काढा.’ ऑपरेशन हर्नियाचं आणि तपासणी तोंडाची, याचं अनेकांना नवल वाटतं. पण पूर्ण भूल देतानाचा सगळ्यात नाजूक क्षण या तोंडाशीच येऊन ठेपतो.

प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं औषध शिरेत गेलं की मिनिटभराच्या आत शुद्ध हरपते. पाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध देतात. त्याने श्वासाचे स्नायूही सैलावतात आणि माणसाचा स्वतःचा श्वास थांबतो. आता भूलतज्ज्ञाने लॅरिंगोस्कोप या घसा दाखवणाऱ्या उपकरणाने जीभ बाजूला सारायची, स्वरतंतू शोधायचे आणि त्यांच्यामधून श्वासनलिकेत नळी घालायची. हाताशी वेळ किती? पडून असलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. साधा श्वास सोडल्यावर फुफ्फुसांत दोन-अडीच लिटर हवा उरते, पण हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के. एवढी शिदोरी मिनिट-दोन मिनिटांत संपते. म्हणूनच भूल देण्याआधी तीनेक मिनिटं तोंडावर मास्क धरून शुद्ध ऑक्सिजन देतात. फुफ्फुसांतला नायट्रोजन निघून जातो, त्याची जागा ऑक्सिजन घेतो, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत ही मुदत आठ मिनिटांपर्यंत लांबते. लठ्ठ माणसाला आणि गरोदर बाईला मात्र एवढा वेळ मिळत नाही. मास्कने जीव घाबरतो हे खरं, पण तो दूर ढकलू नका. ती तीन मिनिटं फार मोलाची आहेत.

विदर्भात या मिनिटांवर खर्रा घाला घालतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा प्रकार पानठेल्यांवर सर्रास मिळतो, आणि मिसरूड न फुटलेली पोरंही तो गालात धरून हिंडतात. सुपारीतल्या रसायनांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतुमय पट्टे तयार होतात, गाल कडक होतात आणि तोंड उघडेनासं होतं. या आजाराचं नाव सबम्यूकस फायब्रोसिस. एरवी वरच्या आणि खालच्या दातांमध्ये तीन बोटं उभी मावतात, इथे कधीकधी एक बोटही जात नाही. दुखण्यामुळे मिटलेलं तोंड भूल दिल्यावर बहुधा सैल होतं. हे तोंड होत नाही, कारण ते स्नायूंनी आवळलेलं नसतं, तंतूंनी बांधलेलं असतं. अशा रुग्णाला आधी झोपवणं धोक्याचं. त्याला जागं ठेवून, नाक आणि घसा लिग्नोकेनने बधिर करून, नाकावाटे बारीक लवचिक दुर्बीण श्वासनलिकेपर्यंत नेतात आणि तिच्यावरून नळी आत सरकवतात. यात हात बसायला वर्षं जातात. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इथे इतके येतात की नागपुरात शिकणाऱ्याला हे कसब टाळून चालतच नाही.

दुसरा धडा सिकलसेलचा. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक आजार घरोघरी नसला तरी गावोगावी आहे. यातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन कमी झाला की एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं, रक्तातलं आम्ल वाढणं, यांनीही तेच घडतं. आता ऑपरेशनची खोली आठवा. तिथे गारवा असतो, रुग्ण उपाशी असतो आणि भुलीखाली श्वास मंदावलेला असतो. पेशी वाकायला लागणारं जवळजवळ सगळं तिथे हजर. म्हणून या रुग्णांना उबदार ठेवतात, सलाइन वेळेवर सुरू करतात, ऑपरेशननंतरही ऑक्सिजन देतात आणि वेदना अंगावर काढू देत नाहीत. जेवण सहा-आठ तास आधी बंद करायचं असतं, पण साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा ‘रात्रीपासून थेंबही नको’ असं सरसकट बजावणं सिकलसेलच्या रुग्णाला महागात पडू शकतं. आपल्या रुग्णाला पाणी किती वाजेपर्यंत चालेल, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

हे सारं शिकायला साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसनंतर एमडीची तीन वर्षं लागतात. पहिल्या वर्षाचा जेआर, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, मास्क नीट धरायला शिकतो. ते दिसतं सोपं, पण सैल पडलेला जबडा वर उचलून श्वासाची वाट मोकळी ठेवताना बोटं भरून येतात. पुढे पाठीतलं इंजेक्शन येतं. त्यातल्या ‘हेवी’ औषधात साखर मिसळलेली असते, त्यामुळे ते पाठीच्या कण्यातल्या पाण्यापेक्षा जड होऊन खाली उतरतं. रुग्णाला कसं निजवलं यावर बधिरपणा कुठवर चढेल ते बरंच ठरतं. बाळंतपणात दिलेल्या या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते हा समज पक्का रुजला आहे, पण कायमच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. त्यातला खरा धोका वेगळा आहे. रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब झपकन उतरतो, आणि तो पहिल्या काही मिनिटांतच ओळखून सावरावा लागतो.

नव्या नियमांनुसार एमडीच्या विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. भूलतज्ज्ञ नाही म्हणून रात्री अडलेल्या बाईला नागपूरला पाठवलं, तर गडचिरोलीपासून रुग्णवाहिकेला तीन-चार तास लागतात, आणि पुढच्या एटापल्ली-भामरागडहून त्याहून कितीतरी जास्त. तेवढ्यात सिझेरियन तिथेच होऊन गेलं असतं. हीच उणीव भरून काढण्यासाठी सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना बाळंतपणापुरती भूल शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं. ते सुरुवातीला १८ आठवड्यांचं होतं. त्याने काही ठिकाणी अडलेलं काम निघालं असेल, पण न उघडणारं तोंड आणि सिकलसेल घेऊन आलेल्या बाईसाठी असं काही आठवड्यांचं प्रशिक्षण पुरत नाही. तिला तीन वर्षं शिकलेला माणूसच हवा, आणि तो तिच्या जिल्ह्यात हवा.