‘निंबल’ : उचलण्यातून आलेली चपळाई

इंग्रजीतल्या चपळाईच्या शब्दांपैकी ‘अजाइल’चा भाव वधारला तो 2001 नंतर. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात स्नोबर्ड इथे 17 सॉफ्टवेअरवाले जमले, त्यांनी आपल्या कामाच्या पद्धतीच्या जाहीरनाम्याला हे नाव दिलं आणि आयटी कंपन्यांत तो शब्द ऊठसूट कानावर पडू लागला. ‘अजाइल’ लॅटिनकडून आलेला पाहुणा. ‘निंबल’ मात्र घरचाच, आणि त्याची कुळकथा जास्त रंजक.

जुन्या इंग्रजीत ‘निमन’ म्हणजे घेणे. जर्मन भाषेत ‘नेमेन’ आजही त्याच अर्थानं चालतं. ‘निमन’वरून ‘नुमोल’ आला : चटकन घेणारा, पकडणारा. पोरीनं चाल लगेच उचलली असं आपण म्हणतो, तसंच. पुढे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांचं ‘टेक’ इंग्रजीत रुजलं आणि मूळ क्रियापद मागे पडलं. ते ‘निम’ म्हणून तगलं ते चोरीच्या बोलीत. शेक्सपिअरच्या ‘हेन्री पाचवा’ नाटकातल्या भुरट्या शिपायाचं नाव ‘निम’ आहे, हा योगायोग नव्हे. शेवटी तो फासावर जातो.

मग ‘ब’ कुठून आला? ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जाते. पुढच्या ‘ल’साठी नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली, तर ओठ उघडताना आपोआप ‘ब’ फुटतो. ‘थिंबल’ आणि ‘हंबल’मधला ‘ब’ असाच आगंतुक. मराठीला हे नवं नाही. आम्रचा आंबा आणि ताम्रचं तांबं झालं ते याच कारणानं, फक्त तिथे ‘ल’च्या जागी ‘र’ होता.

याच घराण्यातला दुसरा शब्द ‘नम’, म्हणजे बधिर. तो ‘निम’चं भूतकाळी रूप : थंडीनं ‘घेतलेला’, ग्रासलेला. बोटं चपळ असोत की बधिर, धातू एकच. ‘नम’च्या शेवटचा ‘ब’ मात्र फक्त लिहिण्यापुरता, नंतर चिकटवलेला.

वापरताना घोळ होतो तो वेगापाशी. राजधानी एक्सप्रेस वेगवान असते, ‘निंबल’ नसते. हलकेपणा आणि ऐन वेळी दिशा बदलण्याची सोय असेल तिथेच हा शब्द शोभतो : कड्यावरची बकरी, तबलजीची बोटं, हजरजबाबी डोकं, चार माणसांची कंपनी. चपळाईचेच आणखी दोन शब्द : ‘डेफ्ट’मध्ये हातची सफाई मुख्य. ‘स्प्राय’ बहुधा वयस्कांनाच लावतात. पंचविशीतल्या खेळाडूला म्हटलं तर चेष्टा वाटेल. मराठीत आणताना सरसकट ‘चपळ’ चालत नाही. बकरी चपळ खरी, पण बोटांना ‘सराईत’, डोक्याला ‘तल्लख’. ‘चलाख’ जपून वापरावा, त्यात लबाडीची छटा येते.