डोंगरी करवंद आणि बागायती करवंद: रंगावरून होणारी गल्लत

एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूरच्या मंडईत आणि पन्हाळ्याच्या वाटेवर पाट्यांतून येणारी काळीभोर करवंदे आणि पावसाळ्यात भाजीच्या गाड्यांवर दिसणारी पांढरट-गुलाबी करवंदे ही एकाच झुडपाची अनुक्रमे पिकलेली आणि कच्ची फळे आहेत, असा समज शहरात बराच रूढ आहे. तो खरा नाही, हे नुसत्या हंगामावरूनही ताडता येते. गुलाबी फळ हे काळ्याचे कच्चे रूप असते, तर ते काळ्याच्या आधी बाजारात आले असते. प्रत्यक्षात काळ्यांचा हंगाम सरून गेल्यावर गुलाबी करवंदे येतात. शिवाय डोंगरी करवंद कच्चे असताना गर्द हिरवे असते, पुढे त्यावर लालसर झाक येते आणि मग ते काळे होते. गुलाबी आणि पांढरा हे रंग बागायती करवंदाचे आहेत.

दोन्ही झुडपे एकमेकांच्या अगदी जवळची असल्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्हींची पाने जाड, चकचकीत आणि समोरासमोर येणारी असतात, फुले पांढरी, चांदणीसारखी आणि सुवासिक असतात, काटे सारखेच निष्ठुर असतात आणि फांदी मोडली की दोन्हींतून पांढरा चीक येतो. कण्हेर आणि सदाफुली यांच्याच कुळातली ही झुडपे आहेत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्ये करवंदाला दिलेले ‘कॅरिसा कॅरंडस’ हे नाव सामान्यतः बागायती करवंदासाठी वापरले जाते, तर सह्याद्रीतल्या जंगली करवंदासाठी ‘कॅरिसा कंजेस्टा’ हे वेगळे नाव अनेक जुन्या ग्रंथांत आढळते. काही वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र ही दोन्ही नावे एकाच जातीची मानतात. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. खाणाऱ्याच्या आणि लावणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी झुडपे आहेत, असेच धरून चालणे सोयीचे आहे.

डोंगरी करवंदीचा खरा मुलूख म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग. गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर, आंबा घाट आणि खाली आजरा-चंदगडपर्यंत जांभ्या दगडाच्या सड्यांच्या (उघड्या पठारांच्या) कडेला, जिथे माती जेमतेम वीतभर असते, तिथेही तिची जाळी माजते. जनावरे काट्यांमुळे जाळीत तोंड घालत नाहीत, त्यामुळे तिच्या आडोशाला इतर झाडांची रोपेही वाचतात. हे फळ लहान, जेमतेम बोराच्या बीएवढे किंवा थोडे मोठे असते, पण पूर्ण पिकल्यावर त्याला जी गोडी येते ती बागायती करवंदाला येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाळी याच फळासाठी आहे. देठाकडून चिकाचा बारीक थेंब डोकावतो, चार-पाच फळे खाल्ली की ओठ एकमेकांना चिकटू लागतात, आणि मुले फळ अर्धे चावून आतला गर लाल निघाला तर ‘कोंबडा’, पांढरट निघाला तर ‘कोंबडी’ असा खेळ मांडतात. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की मात्र फळांचा भरवसा राहत नाही. त्यात अळ्या पडतात, म्हणून जाणती माणसे नंतर ती खात नाहीत.

बागायती करवंद आकाराने मोठे आणि लांबट असते. त्याची उन्हाकडची बाजू गुलाबी आणि सावलीकडची दुधाळ पांढरी राहते, आणि झाडावरच ठेवले तर तेही शेवटी गडद होते, परंतु आंबटपणा सहसा पूर्णपणे जात नाही. हा त्याचा दोष नव्हे. आंबटपणा आणि भरपूर पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातला घटक) यांमुळेच त्याची जेली उत्तम जमते, आणि लोणच्यात फोड बोटचेपी न होता टिकते. केकवरची आणि पानातली लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा हेच करवंद असते: बिया काढून, मिठाच्या पाण्यात मुरवून, टप्प्याटप्प्याने दाट होत जाणाऱ्या साखरेच्या पाकात रंग घालून ते तयार करतात. फिकट सालीवर लाल रंग स्वच्छ चढतो. काळ्या करवंदावर तो चढणार कसा? पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या पंत मनोहर, पंत सुदर्शन आणि पंत सुवर्णा या जाती लागवडीसाठी प्रसिद्ध आहेत, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात आपल्याकडे माहितीची आहे.

लोणच्यासाठी डोंगरी करवंदही चालते, किंबहुना हिरव्या कच्च्या करवंदाचे लोणचे आणि हिरवी मिरची घालून वाटलेली चटणी आपल्याकडे घरोघरी होते. फक्त चिरताना हाताला आणि विळीला तेल लावावे, आणि फोडी मिठाच्या पाण्यात काही वेळ ठेवून चीक काढून टाकावा.

बांधावर कुंपण करायचे असेल तर दोन-तीन फुटांवर कोणतेही करवंद लावले तरी चालते. दोन्ही झुडपे एकदा रुजली की पाण्यावाचून तग धरतात. फळासाठी लावायचे असेल तर आधी ते ताटात कसे हवे आहे ते ठरवावे. रोपवाटिकेत नुसते ‘करवंद’ म्हणून मिळणारे रोप बहुधा बागायती असते, आणि ते लावून डोंगरच्या गोडीची वाट पाहणाऱ्याची निराशा होते. डोंगरी करवंद हवे असल्यास मे महिन्यात पूर्ण पिकलेल्या फळांतले बी धुऊन लगेच पेरावे, कारण ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने कमी होते. बियांपासून आलेली रोपे मूळ झुडपासारखी निघतीलच असे नसते, म्हणून एखाद्या विशिष्ट जाळीचीच फळे हवी असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या फांदीवर गुटी बांधावी, म्हणजे फांदीला झुडपावरच मुळे फुटवून तिचे रोप करावे.