गास्पाचो प्यायचा, साल्मोरेखो पावाने पुसून खायचा

स्पेनच्या दक्षिणेला, आन्दालुसियात, उन्हाळ्यात जेवायला बसलं की टोमॅटोचं काहीतरी गारेगार पुढ्यात येतंच. पेल्यात आलं तर बहुधा गास्पाचो. वाडग्यात आलं आणि वर उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे दिसले, तर साल्मोरेखो. पर्यटकांसाठीच्या मेनूकार्डावर मात्र दोन्हींपुढे 'थंड टोमॅटो सूप' एवढंच लिहिलेलं असतं. ताक आणि श्रीखंड दोन्ही दह्याचेच, म्हणून दोन्हींना 'थंड दही' म्हणण्यातला हा प्रकार. (आणि हो, साल्मोरेखोच्या स्पेलिंगमधला 'j' स्पॅनिशमध्ये घशातून 'ख'सारखा निघतो. साल्मोरेजो म्हणू नका.)

गास्पाचोत टोमॅटोबरोबर काकडी असते, ढोबळी मिरची असते, लसूण, ऑलिव्ह तेल, मीठ आणि चांगलं ठसठशीत व्हिनेगर, शक्यतो हेरेस गावच्या शेरी या वाइनचं. वर पाणी. पाव पडला तर नावापुरता, काही घरांत तोही नाही. हे पेय आहे. घरोघरी फ्रिजमध्ये त्याचा जग भरून ठेवलेला असतो आणि तहान लागली की येता-जाता पेलाभर घेतात. वाडग्यात वाढलाच, तर काकडी-मिरचीचे तुकडे वेगळे देतात, ज्याने त्याने हवे तेवढे घालून घ्यावेत.

साल्मोरेखो कोर्दोबाचा. हे शहर समुद्रापासून लांब, ग्वादालकिवीर नदीच्या खोऱ्यात आहे आणि उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. तिथे साल्मोरेखोसाठी वाहिलेली 'कोफ्रादिया देल साल्मोरेखो कोर्दोबेस' नावाची एक मंडळीच आहे. तिचं प्रमाण असं: १ किलो टोमॅटो, २०० ग्रॅम तेलेरा पाव, १०० ग्रॅम ऑलिव्ह तेल, लसणाची १ पाकळी, १० ग्रॅम मीठ. संपलं. काकडी नाही, मिरची नाही, पाण्याचा थेंबही नाही. व्हिनेगर काही घरांत घालतात, पण या यादीत त्याला जागा नाही. तेलेरा हा तिथला घट्ट, पांढऱ्या गराचा पाव. किलोला २०० ग्रॅम म्हणजे तो चवीपुरता नव्हे, पदार्थाचा कणाच आहे.

खरा फरक या पावातच आहे, आणि तो मला टोमॅटोपेक्षा जास्त रंजक वाटतो. टोमॅटोच्या रसात भिजलेला पाव वाटला की त्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो. मग मिक्सर चालू ठेवून तेलाची बारीक धार सोडायची. तेलाचे सूक्ष्म थेंब त्या लगद्यात अडकून बसतात, मिश्रण दाट, मऊसूत होतं आणि लाल रंग बदलून नारिंगी होतो. तेल एकदम ओतलंत तर ते नीट मिसळून येईल याची खात्री नाही.

मुळात दोघं एकाच घरातले. शेतमजूर शिळा पाव, लसूण, मीठ, तेल, व्हिनेगर आणि पाणी लाकडी भांड्यात कुटून खात. टोमॅटो १६व्या शतकात अमेरिकेतून स्पेनला पोचला, पण या वाडग्यात शिरायला त्याने बराच वेळ घेतला. त्याआधीचं रूप कसं असेल याची कल्पना मालागाच्या आहोब्लांकोवरून येते: बदाम, पाव, लसूण, तेल, व्हिनेगर, पांढराशुभ्र आणि वर द्राक्षं. पुढे एका भावंडाने पाणी वाढवलं, दुसऱ्याने पाव. आन्तेकेरा गावची पोर्रा या दोघांच्या मधली: साल्मोरेखोसारखी दाट, पण तिच्यात ढोबळी मिरची चालते आणि वर ट्यूना मासाही येतो.

घोळ इथेच संपला असता तर बरं झालं असतं. ला मान्चा भागात 'गास्पाचो मान्चेगो' मागवलात तर गरमागरम रस्सा येतो, सशाच्या नाहीतर तित्तिराच्या मांसाचा, त्यात बिनखमिराच्या पातळ भाकरीचे तुकडे. आणि कॅनरी बेटांवर 'साल्मोरेखो' म्हणजे सूपच नव्हे, तर ससा मुरवायचं लसूण-मसाल्याचं वाटण. नावावर विसंबून मागवू नका, कुठे बसला आहात ते आधी पाहा.

घरी करायचा असेल तर माझं मत साल्मोरेखोला. आपल्याकडच्या काकडीला आणि ढोबळी मिरचीला मी नावं ठेवत नाही, पण गास्पाचोत इतक्या चवींचा तोल साधावा लागतो की पहिल्याच फेरीत तो कोशिंबिरीचं पाणी होऊन बसतो. साल्मोरेखोत फक्त टोमॅटो चांगले पिकलेले हवेत. लादीपाव फार मऊ आणि बरेचदा गोडसर असतो. बेकरीतला साधा, दाट पाव आदल्या दिवशीचा घ्या. वाटून झाल्यावर साली-बिया गाळून टाका, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. वर अंडं आणि हामोन, म्हणजे खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, असं कोर्दोबात घालतात. नुसतं अंडं पुरतं, तेही नको असेल तर तेलाची धार.

उरलाच तर तिथे तो तळलेल्या वांग्यांबरोबर वाढतात. तेव्हा सकाळी वांग्याची कापं तळून ठेवायला हरकत नाही.